निबंधात मी दोनदा वारलो

मी वीरण्णा हालकुडे, राहणार लातूर, गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. हे लिहिताना मी जिवंत आहे. तब्येत बरी आहे, थोडी ॲसिडिटी सोडली तर तक्रार नाही. एवढं आधीच सांगून टाकायचं कारण असं, की आमची शिवकन्या ज्या वर्षी बारावी झाली त्या वर्षी गावातल्या बऱ्याच लोकांचा माझ्या जिवंतपणाबद्दल गैरसमज झाला होता, आणि तो अजून पुरता दूर झालेला नाही. परवाच औसा रोडला एका बाईनं मला पाहिलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि रस्त्याची बाजू बदलली.

लातुरात चांगले मार्क पडलेल्या पोरानं पुढं काय करायचं हे ठरलेलं असतं. त्यात पोराला विचारायची पद्धत नाही. सगळा मराठवाडा डॉक्टर व्हायला आमच्या गावात खोल्या घेऊन राहतो. शिकवण्यांच्या बोर्डांवर पास झालेल्या पोरांचे इतके फोटो असतात, की उन्हाळ्यात त्या बोर्डांची सावली धरून चालता येतं. अशा गावात आमची पोरगी एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मी 'नीट' परीक्षा देणार नाही. मला समाजशास्त्र शिकायचंय. बेंगळुरूला एक विद्यापीठ आहे."

मल्लम्माची, म्हणजे माझ्या बायकोची, भाकरी तव्यावर करपली. वीस-बावीस वर्षांच्या संसारात ती दुसऱ्यांदा करपली असेल.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. मी दहावी झाल्यावर जो गल्ल्यावर बसलो तो अजून उठलो नाही. मल्लम्मा भालकीकडची, तिकडं कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकली. त्यामुळं समाजशास्त्र म्हणजे काय हे कुणाला विचारावं, हाच प्रश्न पडला. शेवटी समोरच्या जहांगीरभाईंना विचारलं. ते गाद्या भरतात, पण दिवसभर रेडिओ ऐकतात, म्हणून गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन आहे.

"आर्ट्सच न्हवं का ते?" जहांगीरभाई म्हणाले. "मग बेंगलोर कामून? आपल्या हितल्या कॉलेजात साधं आर्ट्स हाय की. दुपारी पोरगी घरी जेवायला येईल."

पोरगी ऐकेना. विद्यापीठाला मार्क पुरेसे नव्हते, त्यांना निबंध पाहिजे होता. विषय असा : 'तुम्हाला बदलवून टाकणारा एक अनुभव सांगा. साडेसहाशे शब्दांत, इंग्रजीत.' मला वाटलं हे सोपं आहे. आम्हाला शाळेत 'मी पाहिलेला सूर्योदय' यायचा. सूर्योदय कुणी पाहिलेला नसायचा, पण गुण मिळायचे.

शिवकन्या म्हणाली, "तसलं नाही पप्पा. खरं लिहायचं असतं. माझ्याच आयुष्यातलं."

मग घरी बैठक बसली. मल्लम्मा म्हणाली, "सातवीत टायफॉइड झाला होता की तुला. काय बाकी राहिलं नव्हतं." शिवकन्या म्हणाली, टायफॉइडनं मी बदलले नाही, नुसती बारीक झाले. मी सुचवलं, एकदा जत्रेत हरवली होतीस. ती म्हणाली, मी हरवले नव्हते, तुम्ही हरवला होतात, मी आईजवळच होते. तो विषय तिथंच थांबवला.

बातमी गल्लीत गेली आणि ज्याला त्याला तोडगा माहीत होता. तोडगा एकच. भूकंप! "लातूरची पोरगी हाय, भूकंप लिव्ह. बेंगलोरवाले रडत्याल." औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, सायकलवाल्यानं सांगितलं, बँकेच्या शिपायानं मला रांगेतून बाहेर काढून सांगितलं. आता भूकंप झाला त्र्याण्णव साली आणि शिवकन्या जन्मली दोन हजारात. पण ही अडचण फक्त आम्हा तिघांनाच दिसत होती. जहांगीरभाई तर उदार मनानं म्हणाले, "तुझा न्हाई तर माझा भूकंप घे, बेटी. मी पडून न्हाई राहिलो त्या टाइमाला. डोक्यावर गादी घेऊन जे बाहेर पळालो ते दिवस उजाडेपर्यंत गादी डोक्यावरच. बायको म्हणाली, लेकरं घ्यायची सोडून गादी घेतली! लिव्ह, सगळं लिव्ह."

मधल्या काळात शाळेचं प्रकरण झालं. विद्यापीठाला निबंधासोबत शाळेतल्या समुपदेशकाचं शिफारसपत्र पाहिजे होतं, आणि ते विद्यार्थ्याला न दाखवता परस्पर पाठवायचं होतं. शाळेच्या ऑफिसात श्रीमंत नावाचे क्लार्क आहेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समुपदेशक न्हाईत. पीटीचे सर हायेत."

"नको. शिफारस पाहिजे."

"बोनाफाईड देतो."

"बोनाफाईड नको हो, शिफारस."

"मग टीसी घ्या."

"टीसी घेऊन काय करू?"

श्रीमंतांनी चष्मा काढला. "आणि न दाखवता पाठवायचं म्हणजे काय? शाळेनं पोरीबद्दल असं काय लिहावं जे पोरीनं वाचू नये? पोलीस केस हाय का?" शेवटी त्यांनी एक कागद दिला : 'सदर विद्यार्थिनीविरुद्ध कार्यालयीन नोंदीनुसार कोणतीही तक्रार आढळून आली नाही.' वर शिक्का. मला तो चांगला वाटला होता. शिवकन्येनं कपाळाला हात लावला आणि इंग्रजीच्या बाईंना गाठून वेगळं पत्र लिहून घेतलं.

तोवर गावात गुरुलिंग सरांचा बोर्ड लागला होता : 'एस्से पॅटर्न. परदेशी व खासगी विद्यापीठांसाठी. हमखास.' हे सर पूर्वी फिजिक्सची गणितं घ्यायचे. आता बारा-पंधरा पोरांची निबंधाची बॅच सुरू केली होती. लातुरात कुठल्याही गोष्टीचा पॅटर्न होऊ शकतो, हा आमच्या गावाचा विश्वास आहे, आणि माझाही होता. मी पोरीला घेऊन गेलो.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : संघर्ष दोनशे, अश्रू दीडशे, वळण दीडशे, स्वप्न दीडशे. बेरीज साडेसहाशे. मला एकदम धीर आला. हे मला समजणारं होतं.

"तुझा संघर्ष काय?" सरांनी शिवकन्येला विचारलं.

शिवकन्येनं माझ्याकडं पाहिलं. सर माझ्याकडं वळले. "वडील काय करतात?"

"भांड्यांचं दुकान."

"भाड्याचं?"

"स्वतःचं."

"घर?"

"स्वतःचंच. वर दोन खोल्या शिकायला आलेल्या पोरींना भाड्यानं दिल्यात."

सरांचा चेहरा पडत चालला होता. "शेती गेली वगैरे?"

"शेती नव्हतीच."

"काही दुर्धर आजार?"

"ॲसिडिटी," मी आशेनं म्हणालो.

सरांनी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर सचोटीनं धंदा केला, घर बांधलं, कुणाचं काही बुडवलं नाही, आणि त्या दिवशी एका माणसापुढं मी मान खाली घालून बसलो, कारण माझ्याकडं त्याला देण्यासारखं दुःख नव्हतं. "बघू," सर म्हणाले. "मटेरियल कमी आहे. पण काढू काहीतरी."

महिन्याभरानं पालकसभा झाली. शाकाहारी खानावळीच्या वरचा हॉल, पंखे नावाला. सर म्हणाले, बॅचमधला सर्वोत्तम निबंध मी पालकांना मराठीत वाचून दाखवतो. नाव सांगणार नाही. आणि वाचायला लागले.

काय निबंध होता! एक गरीब भांडीवाला. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरणारा. भूकंपाच्या पहाटे तो शेजाऱ्यांच्या लेकरांना एकेक करून बाहेर काढतो, शेवटच्या लेकरासाठी परत आत जातो, आणि घर कोसळतं. ढिगाऱ्यातून फक्त त्याचा हात दिसतो, हातात पितळी तांब्या. आणि त्याची मुलगी त्या तांब्याची शपथ घेते, की मी शिकेन.

हॉलमधल्या बायका मुसमुसायला लागल्या. मल्लम्मानं पदर डोळ्याला लावला. मी स्वतः रुमाल काढला. खोटं कशाला सांगू, मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. असा बाप पाहिजे, असं मनात आलं.

तेवढ्यात मल्लम्मानं रडणं थांबवलं आणि माझ्या कोपराला टोचलं. "अहो," ती कुजबुजली, "ह्या बॅचमधी भांडीवाल्याची पोरगी कोणकोण हाय?"

मी मागं पाहिलं. शिवकन्या शेवटच्या बाकावर ओढणीत तोंड घालून बसली होती.

मी उभा राहिलो. बोलायचं काय हे ठरलेलं नव्हतं. "सर," मी म्हणालो, "मी हितंच आहे."

सगळा हॉल वळून माझ्याकडं बघायला लागला. काही बायकांच्या नजरेत, मी जिवंत निघालो म्हणून, स्पष्ट निराशा होती. मल्लम्मा बसल्या जागेवरून म्हणाली, "अन् भूकंपाच्या वक्ताला आमचं लगीनबी झालं न्हवतं. मग लेकरू कुठून आलं?"

गुरुलिंग सर गडबडणारे नव्हते. त्यांनी कागदाच्या कडेला काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाले, "पॉइंट बरोबर आहे. तारखेचा घोळ आहे. वडिलांना आपण दोन हजार सोळाला घेऊ. पाणीटंचाईत. टँकरच्या रांगेत उभे असताना—"

"आमच्या घरी बोअर आहे!" मी ओरडलो.

"साहेब, बोअरनं ॲडमिशन मिळत नाही," सर म्हणाले. असा एकाच सभेत मी दुसऱ्यांदा वारलो.

सभेतल्या कुणीतरी अर्धवट ऐकून अर्धवट फोन केला असणार. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलो होतो, तर दारात मल्लम्माचा भाऊ संगप्पा. भालकीहून आलेला, पांढरे कपडे, एका हातात हार, दुसऱ्या हातात विभूतीची पुडी. मला पाहून तो दारातच थबकला.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही जेवायलेत?"

"ये, बस. तूही जेव."

तो बसला नाही. त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "मी रजा टाकून आलोय! साहेबाला दाजी गेले म्हणून सांगून आलोय! आता परत जाऊन काय सांगू, जेवत होते म्हणून?" माझ्या जिवंत असण्यानं कुणाची एवढी अडचण होईल असं मला वाटलं नव्हतं. मल्लम्मानं त्याला ताक दिलं. हार वाया जाऊ नये म्हणून तो बसवेश्वरांच्या फोटोला घातला. संगप्पा जेवून, वामकुक्षी करून, माझ्याशी एक शब्द न बोलता चारच्या गाडीनं परत गेला.

संध्याकाळी मी शिवकन्येला विचारलं. रागावून नाही; रागवायचं ठरवलं होतं, पण तिचं तोंड बघून जमलं नाही.

"मी तसं लिहिलं नव्हतं, पप्पा," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं, माझे वडील भांडी विकतात. सर म्हणाले, नुसती विकून काय होणार? मग एकेक वाक्य बदलत गेलं. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंच तर बदललंय. शेवटी बघितलं तर तुम्ही राहिलाच नव्हता." ती रडायला लागली. "आमच्या वर्गातल्या पोरींचे आईबाप डॉक्टर आहेत. त्यांना घरी कुणीतरी सांगतं, कसं लिहायचं. मला कुणाला विचारायचं तेच कळत नाही. मी नाही पाठवणार. मी आपली इथंच ॲडमिशन घेते."

जहांगीरभाईंनी सांगितलं होतं तेच ती म्हणत होती, दुपारी घरी जेवायला येणारी पोरगी. मला खरं म्हणजे आनंद व्हायला पाहिजे होता. पण झाला नाही.

"तुला त्या लोकांनी काय विचारलंय?" मी म्हणालो.

"मला बदलवून टाकणारा अनुभव."

"मग मला मारायची काय गरज आहे? त्यांनी तुझं विचारलंय. माझं नाही."

हे काही मी फार विचार करून बोललो नाही. जीव वाचवायला बोललो. पण पोरगी रडायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात येऊन बसायला लागली, गल्ल्याच्या मागं, डब्यांच्या उतरंडीला टेकून. लिहायची, खोडायची, गिऱ्हाइकांकडं बघत बसायची. गिऱ्हाइकं बुजायची. एक जण कुकर घेता घेता निघून गेला, त्याला वाटलं आयकरवाली आहे. मी सोसलं.

मुदत संपायला दोन दिवस असताना तिनं आम्हा दोघांना बसवलं आणि निबंध मराठी करत करत वाचला.

तुम्हाला माहीत असेल, नवं भांडं घेतलं की त्यावर नाव टाकून देतात. आमच्याकडं त्याचं छोटं मशीन आहे, टोकदार, घरघर आवाज करणारं. माझी अक्षरं वाकडी येतात म्हणून शिवकन्या पाचवीपासून हे काम करायची. तिनं लिहिलं होतं, की मुरुडच्या सुमनबाई नावाच्या एक बाई दुकानात आल्या. एकट्या. त्यांनी घागर घेतली आणि नाव टाकायला सांगितलं. शिवकन्येनं सवयीनं विचारलं, मालकांचं नाव काय? बाई म्हणाल्या, "मालकाचं न्हाई. माझं टाक. सुमनबाई." पुढं आडनाव? "नको. येवढंच." शिवकन्येनं ते टाकलं. बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी घागर उजेडाला धरली आणि विचारलं, "पोरी, माझं नाव कुठून कुठवर हाय गं?" तेव्हा शिवकन्येनं त्यांचं बोट धरून 'सु'पासून 'ई'पर्यंत फिरवलं. बाईंनी मग आपलं आपण फिरवून बघितलं. परत फिरवलं. आणि म्हणाल्या, "लई लांब हाय की."

पुढं तिनं लिहिलं होतं, की तोवर मी शेकडो नावं टाकली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून वाचायला लागले. भांड्यांवर कुणाची नावं असतात, कुणाची कधीच नसतात, हे बघायला लागले. मला हेच शिकायचंय.

वाचून झालं. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करणं भाग होतं.

"ह्यात मी कुठं आहे?"

"आहात की." तिनं कागद उलटला. "'माझे वडील त्या वेळी फोनवर झाकणांवरून भांडत होते.'"

"बस? एवढंच?"

"तुम्ही भांडतच होता, पप्पा. डब्यांची झाकणं लहान आली होती."

ते खरं होतं. मला सुमनबाई आठवत नव्हत्या. झाकणं चांगली आठवत होती. पण माणसाला काही मान असतो की नाही? एका निबंधात मी ढिगाऱ्यात शिरून लेकरं वाचवतो आणि दुसऱ्यात झाकणांवरून भांडतो. एकात मेलेला आहे पण थोर आहे. दुसऱ्यात जिवंत आहे पण हा असा. मी म्हणालो, "निदान घागर चांगल्या गेजची, जाड पत्र्याची होती, एवढं तरी घाल."

"शब्द उरले नाहीत."

"मला मारताना बरे उरले होते!"

मल्लम्मा उठून आत गेली आणि तिचा रोजचा पाणी प्यायचा स्टीलचा पेला घेऊन आली. त्यावर माझं नाव होतं. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर माझं नाव आहे. काहींवर माझ्या वडिलांचं. तिनं पेला पोरीपुढं ठेवला.

"नन्न हेसरु हाकु," ती म्हणाली. माझं नाव टाक. घाई झाली, राग आला किंवा मन भरून आलं की ती कानडीत जाते. यातलं कुठलं होतं ते मी विचारलं नाही.

शिवकन्येनं विचारलं, "मराठीत का कानडीत?"

"दोन्हीत," मल्लम्मा म्हणाली. "जागा हाय."

निबंध तसाच गेला. माझ्या झाकणांसकट.

काही आठवड्यांनी कॉम्प्युटरवर मुलाखत झाली. शिवकन्येनं दार लावून घेतलं होतं आणि आम्हाला सक्त ताकीद होती. मी दाराबाहेर स्टुलावर बसलो होतो, श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. आत कुणीतरी बाई इंग्रजीत विचारत होत्या, ही हसत उत्तरं देत होती. मग अचानक त्या बाई हिंदीत म्हणाल्या, "और वो ढक्कनों का क्या हुआ?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "अभी तक बदल के नहीं दिए!" मी दाराबाहेरून ओरडलो.

आत शांतता पसरली. एका झाकणापायी पोरीचं वर्ष घालवलं, असं वाटलं. मल्लम्मानं माझ्याकडं असं पाहिलं, की वाटावं, भालकीचा हार आता उपयोगी पडेल. मग आतून हसण्याचा आवाज आला, दोघीतिघींचा, आणि त्यात शिवकन्येचाही.

तिला प्रवेश मिळाला. ती बेंगळुरूला गेली. पहिल्या पत्रात, म्हणजे मोबाईलवरच्याच, तिनं लिहिलं की इथं मेसमधल्या ताटांवर कुणाचंच नाव नाही. मल्लम्मानं ते जहांगीरभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "फिर तो चोरी होगी." आणि खरंच काळजीत पडले.

गुरुलिंग सरांनी शिवकन्येचा मोठा फोटो बोर्डावर लावला. खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. मी भांडायला जाणार होतो, पण फोटोत ती चांगली दिसत होती. पुढच्या वर्षी मात्र कमाल झाली. सरांच्या नव्या बॅचमधल्या सगळ्या पोरांचे बाप भांड्यांचे दुकानदार निघाले, आणि प्रत्येकाच्या दुकानात एक अडाणी बाई येऊन गेली. पोरं घोळक्यानं माझ्याकडं यायला लागली. मशीन बघायची, फोटो काढायची, 'काका, हे कसं वाजतं?' म्हणून वाजवून बघायची.

त्यात एक मनतशा नावाची पोरगी होती. एकटीच आली, कोपऱ्यात वही घेऊन उभी राहिली. "चाचा, मी जरा हितं बसू का? सरांनी अनुभव घ्यायला सांगितलाय."

"वडील काय करतात तुझे?"

"जीप चालवतात. किल्लारी लाइनला. लहानपणापासून सुट्टीत मी त्यांच्यासंगं जाते, पुढच्या सीटवर बसते. पॅसेंजर मोजते."

"कोणकोण बसतं जीपमधी?"

ती सांगायला लागली. दवाखान्याला जाणारी म्हातारी, जी उतरताना दर वेळी चप्पल विसरायची. कारखान्यावरचे दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नसत पण तिकिटाचे पैसे एकमेकांचे द्यायचे. मी गिऱ्हाईक सोडून ऐकत राहिलो.

"मग बाई," मी म्हणालो, "हितं कशाला उभी राहिलीस? स्टँडवर जा. तुझ्या अब्बांची गाडी भरली असंल."

तिनं वही मिटली आणि पळतच गेली. धक्क्यानं दाराजवळची डब्यांची चळत धडाधड खाली आली. मी झाकणं गोळा करत बसलो. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरंच झालं.